सीमेपलीकडची मिळकत

वकील म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे काळा डगला, साक्षीदाराची उलटतपासणी आणि न्यायाधीशांपुढे चढलेला आवाज येतो. आमच्या वाट्याला यांतले फार थोडे आले. गेली पस्तीस वर्षे आम्ही जी वकिली केली ती बहुतांशी टेबलाशी बसून, तीन-चार देशांचे कायदे शेजारीशेजारी उघडे ठेवून केली. एका देशात जन्मलेल्या, दुसऱ्या देशात कमावणाऱ्या आणि तिसऱ्या देशात मुले असणाऱ्या माणसाने कोणता कर कोठे भरावा, त्याच्या माघारी त्याची मिळकत कोणाकडे व कोणत्या वाटेने जावी, हे ठरवण्यास मदत करणे हा आमचा व्यवसाय. धर्मग्रामातील एखाद्या समारंभात कोणी चौकशी केली आणि आम्ही ‘आंतरराष्ट्रीय करसल्ला व संपत्तिनियोजन’ असे भारदस्त उत्तर दिले, की समोरचे गृहस्थ हळूच हसून विचारतात, “म्हणजे स्विस बँकेचे ते?”

या प्रश्नाचा आम्हांला राग येत नाही. आमच्या धंद्याने आपली कीर्ती स्वतःच मिळवलेली आहे. परंतु त्या हसण्यामागे एक समज असतो. संपत्तिनियोजन हा धनिकांचा खेळ आहे, आपल्यासारख्या नोकरदार, शेती-बागायती करणाऱ्या कुटुंबांचा त्याच्याशी संबंध नाही, असा तो समज. तो खोटा आहे, आणि त्याची किंमत मोजलेली माणसे आम्ही आमच्या कचेरीत पाहिली आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही १९८९ साली मुंबईच्या फोर्ट भागात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली. तेव्हा १९७३ सालचा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, पूर्ण जोमात होता. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून परदेशी खाते ठेवणे हा फौजदारी गुन्हा होता. करांच्या दरांच्या आठवणीही ताज्या होत्या. १९७३-७४ साली वैयक्तिक आयकराचा सर्वोच्च दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. म्हणजे वरच्या टप्प्यातील शंभर रुपयांपैकी सव्वादोन रुपये कमावणाऱ्याच्या हाती उरत. मृताच्या मालमत्तेवरील संपदाशुल्क १९५३ साली आले आणि १९८५ साली रद्द झाले. त्याचाही सर्वोच्च दर ८५ टक्क्यांपर्यंत पोचला होता. त्या काळात पैसा लपवण्याची जी सवय समाजाला लागली ती दर उतरल्यावरही सुटली नाही. पुढे ‘फेरा’ जाऊन २००० सालापासून ‘फेमा’ आला, तुरुंगाची जागा बहुतांशी दंडाने घेतली. २००४ साली सामान्य नागरिकाला वर्षाकाठी २५,००० डॉलर परदेशी पाठवण्याची मुभा मिळाली. आज ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. १९५७ पासूनचा संपत्तिकरही २०१५ साली संपुष्टात आला. कायदे इतके बदलले, तरी आमच्या ज्येष्ठांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेले तीन प्रश्न आजही आमच्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर असतात. माणूस कोठे राहतो? मिळकत कोठे आहे? ती कोणासाठी आहे?

या तिसऱ्या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोज्ञ आहे. ज्या ‘ट्रस्ट’चे नाव निघाले की हल्ली लोकांना जर्सी किंवा केमन बेटे आठवतात, त्याच्या उगमाशी काही अकिंचन संन्यासीही उभे आहेत. संत फ्रान्सिसचे अनुयायी १२२४ साली इंग्लंडमध्ये आले. त्यांना गरिबीचे व्रत. जमीन व घर मठाच्या नावानेही बाळगायचे नाही. मग भाविकांनी तोड काढली. जागा नगराच्या किंवा एखाद्या विश्वासू गृहस्थाच्या नावे द्यायची, आणि तिचा उपभोग मात्र फ्रान्सिस्कनांनी घ्यायचा. मालकी एकाची, लाभ दुसऱ्याचा, आणि दोहोंना बांधणारी विवेकबुद्धी. या बीजाला पुढे इंग्रजी न्यायालयांनी वाढवले आणि १८८२ च्या कायद्याने ते भारतातही रुजले. ज्या युक्तीने निर्धनांनी आपले व्रत राखले, त्याच युक्तीने पुढे धनवंतांनी आपले धन झाकले. साधनाला स्वतःचे पापपुण्य नसते, हे आम्ही या इतिहासातून शिकलो.

मग पापपुण्याची रेषा कोठे आखायची? इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने आपल्या नोकरचाकरांना वेतनाऐवजी करारपत्राने वार्षिक रक्कम देण्याची व्यवस्था केली. वेतन करातून वजा होत नसे, अशी रक्कम होत असे. माळी तोच, बाग तीच, काम तेच. केवळ कागद बदलला. १९३५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ड्यूकच्या बाजूने निकाल दिला. कायद्याच्या चौकटीत राहून कर कमी करण्याचा हक्क प्रत्येकास आहे, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मॅकडॉवेल खटल्यात याच्या नेमका उलटा सूर लावला. केवळ कर चुकवण्यासाठी रचलेल्या बनावाला करनियोजन म्हणता येणार नाही, असे न्यायमूर्तींनी खडसावले. पुढे २००३ साली ‘आझादी बचाव आंदोलन’ने आणलेल्या खटल्यात त्याच न्यायालयाने मॉरिशसच्या मार्गाने येणाऱ्या गुंतवणुकीला संरक्षण दिले. १९८२ सालच्या करारानुसार तेथील कंपनीच्या भांडवली नफ्यावर कर घेण्याचा अधिकार मॉरिशसला होता, आणि मॉरिशस तो कर घेतच नव्हते. हे दार २०१६ साली करारात दुरुस्ती होऊन मिटू लागले.

व्होडाफोनचे प्रकरण तर आमच्या पिढीचे महाभारतच. २००७ साली सुमारे ११ अब्ज डॉलरांचा सौदा झाला. भारतातील मोबाइल व्यवसायाचा ताबा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. पण विकला गेला तो केमन बेटांवरील एका कंपनीचा शेअर. आयकर खात्याने अकरा हजार कोटी रुपयांहून अधिक कर मागितला. मुंबई उच्च न्यायालय २०१० साली खात्याच्या बाजूने, सर्वोच्च न्यायालय २० जानेवारी २०१२ रोजी कंपनीच्या बाजूने. त्याच वर्षी संसदेने कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला. २०२० साली हेगच्या लवादाने भारताविरुद्ध निवाडा दिला, आणि २०२१ साली संसदेने तो पूर्वलक्षी कर मागे घेतला. त्या चौदा वर्षांत आमच्या कचेरीतील कनिष्ठ वकील दोन तट करून भांडत. एकदा त्यांतील एका मुलीने आम्हांला सरळ विचारले, “सर, आपण ज्यांचा कर वाचवतो, तो कर मग कोण भरतो?”

हा प्रश्न स्विस बँकेच्या प्रश्नाहून बोचरा होता. आम्ही तिला जे उत्तर दिले ते येथे नमूद करतो. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी दोनदा कर घेणे हा अन्याय आहे, आणि तो दूर करणे हे वकिलाचे प्रामाणिक काम आहे. कायद्याने हेतुपूर्वक दिलेली सवलत घेणे हेही गैर नाही. परंतु ज्या कागदात लिहिलेले आणि प्रत्यक्षात घडणारे यांत तफावत असते, तो कागद आमच्या कचेरीतून बाहेर जाता कामा नये. वरकरणी ही कसोटी साधी दिसते. ती पाळताना खिशाला तोशीस पडते. एका बांधकाम व्यावसायिकाला एका बेटावर कंपनी काढायची होती. संचालक म्हणून तो आपल्या वाहनचालकाचे नाव देणार होता. त्या बिचाऱ्याला कंपनी म्हणजे काय याचीही कल्पना नव्हती. कोऱ्या कागदांवर त्याच्या सह्या मात्र घेऊन झाल्या होत्या. आम्ही विचारले, “उद्या नोटीस आली तर ती कोणाच्या दारात जाईल?” गृहस्थ म्हणाले, “म्हणून तर त्याचे नाव.” आम्ही फाइल परत केली. त्या एका कामाची फी आमच्या त्या वर्षाच्या निम्म्या मिळकतीएवढी होती, आणि घरी मुलांच्या शिक्षणाचे दिवस होते. सौभाग्यवतींनी आकडा ऐकला, क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “त्या ड्रायव्हरलाही मुले असतील.” विषय तेथे संपला.

पुढच्या काळाने गुप्ततेची तटबंदीच ढासळवली. स्वित्झर्लंडने १९३४ च्या कायद्याने खातेदाराची माहिती फोडणे गुन्हा ठरवले होते. २००९ साली तेथील सर्वांत मोठ्या बँकेने, यूबीएसने, अमेरिकेला ७८ कोटी डॉलर भरले आणि खातेदारांची नावेही दिली. २०१६ साली पनामा येथील एका कायदा संस्थेची एक कोटी पंधरा लाख कागदपत्रे फुटली. दरम्यान देशादेशांनी बँक खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप एकमेकांना कळवण्याचे ठरवले. भारत त्यात २०१७ पासून आहे. स्वित्झर्लंडकडून भारताला पहिली माहिती २०१९ साली आली. आपल्याकडे २०१५ साली काळ्या पैशाविरुद्ध कायदा झाला. दडवलेल्या परदेशी मालमत्तेवर ३० टक्के कर आणि वर कराच्या तिप्पट दंड, म्हणजे मालमत्तेच्या किमतीहून देणे अधिक. म्हणून जो कोणी अजूनही ‘बाहेर ठेवा, कोणाला कळत नाही’ असा सल्ला देतो, तो नीतीने तर चुकतोच, व्यवहारानेही चुकतो.

येथवर धनिकांची गोष्ट झाली. आता आपली.

आपल्या किती घरांतून माणसे आखातात गेली, बोटीवर गेली, कॅनडा-ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली! ही सारी आंतरराष्ट्रीय करकायद्याचीच प्रजा आहे. बोटीवरील मुलगा एका आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरतो की १८१, यावर त्याचे परदेशी वेतन येथे करपात्र होईल की नाही हे बहुधा ठरते. म्हणून त्याने आपल्या पासपोर्टवरील शिक्के आणि सागरी सेवापुस्तिका जिवापाड जपावी. घरी बसून मोबाइलवरून अमेरिकन कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या तरुणास बहुधा ठाऊक नसते की, अमेरिकेचा नागरिक वा रहिवासी नसलेल्या माणसाच्या तेथील मालमत्तेला मृत्यूनंतर फक्त ६०,००० डॉलरांपर्यंत सूट आहे. त्यावर संपदाकर चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो. कॅनडात वारसाकर नाही, परंतु मृत्यूच्या क्षणी मालमत्ता विकली गेली असे मानून वाढलेल्या किमतीवर कर घेतात. गोव्याच्या सोयरिकीत आणखी निराळे: तेथे वेगळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते, आणि मृत्युपत्राने मनाप्रमाणे वाटण्याचा अधिकारही साधारणपणे निम्म्यापुरताच उरतो. दुबईत मृत्यू झाला की बँक खाते गोठते आणि न्यायालयाच्या आदेशापर्यंत पत्नीच्या हाती घरखर्चालाही काही येत नाही. २०१५ पासून तेथे मुस्लिमेतरांना मृत्युपत्र नोंदवण्याची सोय आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती केली?

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तपशील बदलले आहेत, मर्म तेच. एक परिचारिका सत्तावीस वर्षे कुवेतमध्ये नोकरी करून गावी परतली. वडील लवकर गेलेले. धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न, आईचे औषधपाणी आणि शेवटी दुमजली घर, सारे तिच्या दिनारांवर झाले. घर भावाच्या नावे. ती परदेशात असल्याने सह्यांची गैरसोय नको, एवढेच त्यामागचे कारण. कपट कोणाचेही नव्हते. ती परतली तेव्हा भावाची मुले मोठी झालेली. वरच्या मजल्यावरील खोली तिला मिळाली, आणि वर्षभरात ती खोली मुलाच्या लग्नासाठी लागणार असल्याचे तिच्या कानी आले. ती आमच्याकडे आली ती बँकेची जुनी पासबुके पिशवीत भरून. “काका, हे सगळे पैसे माझे आहेत, हे कोर्टाला दिसेल ना?”

पैसे दिसत होते. हक्क दिसत नव्हता. १९८८ च्या बेनामी व्यवहारांच्या कायद्याने, दुसऱ्याच्या नावे घेतलेल्या मालमत्तेवर ‘पैसे माझे होते’ म्हणून दावा लावण्याचा मार्ग बंद केला आहे. भावंडांसाठी अपवाद आहे, पण कागदावर दोघांचीही नावे असतील तर. तिचे नाव कोठेच नव्हते. घराची एकेक वीट तिने पाठवली आणि कायद्याच्या दृष्टीने ती त्या घरात पाहुणी होती.

आम्ही भावाला बोलावले. तो दुष्ट नव्हता. आईचे पंधरा वर्षांचे अंथरुणावरचे आजारपण त्याने आणि त्याच्या पत्नीने काढले होते, आणि त्याची किंमत कोणत्याही पासबुकात नव्हती. त्याने ती कडवटपणे बोलून दाखवली. बहिणीने ती त्या दिवशी प्रथमच ऐकली. दोघांनाही आपण एकट्यानेच घर ओढले असे वाटत होते. चार महिन्यांत सहा बैठका झाल्या. वकिलीची म्हणावी अशी भाषा आम्ही त्यांत क्वचितच वापरली. अखेरीस मुद्रांकशुल्क भरून, नोंदणी करून, भावाने वरचा मजला बहिणीस बक्षीसपत्राने दिला. तिनेही मृत्युपत्र केले आणि तो मजला भाच्यांनाच ठेवला. सख्ख्या भावाकडून आलेल्या देणगीवर तिला आयकरही लागला नाही. दस्तावर सही करून बाहेर आल्यावर ती भावाला म्हणाली, “मला खोली नको होती रे, माझे नाव हवे होते.”

आमच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे सौदे आम्हांला आज जुन्या फाइलींतून शोधावे लागतील. हे वाक्य मात्र पाठ आहे. त्या कनिष्ठ वकील मुलीला आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते, हेही या प्रकरणाने दाखवले. कराचा हिशेब मांडता येतो. कोणाच्या कष्टाचे नाव कोठेच लिहिले गेले नाही, याचा हिशेब फार उशिरा मांडला जातो.

तेव्हा वाचकहो, फी न घेता थोडा सल्ला. ज्याने पैसा दिला त्याचे नाव दस्तावर आजच घाला; तो परदेशी असेल तर कुलमुखत्यारपत्र आहेच. नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत सोडा. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा हात, मालकी वारसांची. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ख्रिस्ती माणसाच्या पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश मिळते. मुलगा आणि मुलगी यांत भेद नाही. आपल्या मनात निराळे असेल तर ते दोन साक्षीदारांसमक्ष लिहा, आणि ज्या देशात मिळकत आहे तेथील कायद्यालाही ते मान्य होईल असे पाहा. परदेशी खाते असेल तर ते विवरणपत्रात दाखवा. आणि एका साध्या वहीत लिहून ठेवा: कोणती बँक, कोणता देश, कोणता विमा, कोणाचे देणे, कोणाचे घेणे.

ती वही लिहिण्यास एक संध्याकाळ पुरते. अवघड काम त्यानंतरचे असते. ती वही जेवणाच्या टेबलावर ठेवून, मुलांना, सुनांना, जावयांना बसवून, दूर असलेल्यांना दूरध्वनीवर घेऊन, सगळ्यांच्या देखत मोठ्याने वाचायची. पस्तीस वर्षांत आम्ही पाहिलेले बहुतेक कौटुंबिक खटले हे वाचन न झाल्यामुळे उभे राहिले. ज्या घरांत ते झाले, त्या घरांनी आम्हांला फार थोडी फी दिली. त्याची आमची मुळीच तक्रार नाही.